पाणी यायच्या आदल्या दिवशी

तुमचं मूल ज्या शाळेत जातं, त्या शाळेतल्या नळाची तोटी तुम्ही स्वतःच्या हातानं कधी फिरवून बघितली आहे का?

बघितली नसणार. इमारत बघितली असेल, निकाल विचारला असेल, बस दारापर्यंत येते का याची खात्री केली असेल. ऑफिसात बसून चहाही घेतला असेल. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मला मूल नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं आणि सोलापुरात राहायला जागाही नव्हती. भवानी पेठेत एक खोली भाड्यानं मिळते का बघायला मी गेले होते. घरमालकिणीनं आधी माझी शाळा विचारली.

"तितं नळाला पाणी यायचं का घरनं न्यायचीस?"

मला आठवेना.

"मग धा वर्षं काय बघितलंस?" असं म्हणून तिनं अर्धं दार लावून घेतलं.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. खोली तिनं मला दिली, पण आधी मोहोळला फोन लावून. तिथं मी पूर्वी जिच्या घरात राहत होते त्या बाईला म्हणाली, "चांगलं काय ते सांगू नका, ते ती सांगतीच. खोड सांगा." बाईनं सांगितलं की पोरगी घरभर कागद साठवते, जागा अडवते. अक्कानं फोन ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. खोड कळल्याशिवाय माणूस घरात घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता.

कागदांचं खरंच होतं. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडिलांनी मला अक्षरं शिकवली ती 'कामगार बंधूंनो' या मथळ्यावर. सोलापुरात मी शिलाई कारखान्यांतल्या बायकांमध्ये काम करत होते आणि पत्रकं लिहीत होते. अक्का प्रत्येक पत्रक वाचायची, डोळ्यांपासून हातभर लांब धरून. एकदा म्हणाली, "ह्यात 'आपण आपण' लई हाय. आपण म्हंजे कोण? मला धरून का सोडून?" दुसऱ्यांदा म्हणाली, "उद्गारचिन्हं कमी कर की. ओरडणाऱ्याला काय म्हाईत नसतंय, म्हणून ओरडतंय, असं वाटतंय."

माझा तिच्यावर विश्वास नव्हता. तो बसायला काही कारणही नव्हतं. घराच्या पुढच्या बाजूला पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं माग धडधडायचे; नवरा गेल्यावर तिनं ते भंगारात घातले आणि छताच्या लोखंडी कैचीला जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधून पाळणाघर सुरू केलं. कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडून जायच्या. हिशेब तोंडी, नियम तोंडी, देखरेख कुणाचीच नाही. अशा ठिकाणांबद्दल मी पत्रकात काय लिहिलं असतं ते मला ठाऊक होतं.

पण तिचा एक नियम मी दुसरीकडं कुठंच पाहिला नव्हता. नव्या मुलाच्या आईनं पहिला पूर्ण दिवस तिथंच बसायचं. एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. एकदा एक बाई वैतागली.

"अक्का, तुमच्यावर विश्वास हाय म्हणून तर आले की."

"काय बघून हाय?"

"सगळ्या बायका सांगत्यात."

"त्यांनी काय बघितलं? आन् मी पोरांना अफू चाटवून निजवत आसंन तर?"

बाई पांढरीफटक पडली. मग मात्र ती दिवसभर बसली, दुधाच्या पातेल्यात बोट घालून चव घेतली, झोळीच्या गाठी ओढून बघितल्या, निजलेल्या पोरांच्या पापण्या उचलून बघितल्या. अक्का कोपऱ्यातून तिच्याकडं अशा कौतुकानं बघत होती, जणू कुणी तिला हार घालत होतं.

कुठल्याही ऑफिसात जाताना अक्का चपला दाराबाहेर काढत नसे. कापडी पिशवीत घालून आत न्यायची आणि पिशवी मांडीवर ठेवून बसायची. "चप्पल भाईर ऱ्हायली की जीव तितं ऱ्हातो. मग साहेब म्हणतोय उद्या या, आन् आपण उठतोय." चहा घ्यायची नाही. चहा प्यायला की पुढचा प्रश्न गोड होतो, म्हणायची. आणि गल्लीत कुणी नवं कुटुंब आलं, मग ते अक्कलकोटचं असो, तेलंगणातलं असो की आणखी कुठलं, की शाळा सुटायच्या वेळी ती वेगवेगळ्या शाळांच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. बाहेर पडणाऱ्या पोरांकडं बघत. यात तिचा काय फायदा, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. शाळांकडून काहीतरी घेत असणार, असं गल्लीतले काही लोक म्हणायचे. मला ते शक्य वाटायचं.

एका दुपारी मला फोन आला. एका शाळेच्या फाटकाशी तिला मुलं पळवणारी समजून पोरांच्या आयांनी आणि शिपायानं धरून ठेवलं होतं. मी धावत गेले. अक्का दगडावर बसली होती, भोवती गर्दी, एक जण व्हिडिओ काढतोय. मी ओळख सांगितली, सगळे नरमले, माफी मागू लागले. तर हीच त्यांच्यावर उखडली. "माफी कशाला मागताय? बरोबर केलं की!" परतताना मला म्हणाली, "बाकीच्या शाळांम्होरं आठ-आठ दिवस हुभी हुते. कुणी इचारलं न्हाय, बाई तू कोण. हितं हटकलं. ही शाळा ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवायची वेळ लवकरच आली.

अक्कानं मागच्या बाजूची खोली एका नेपाळी जोडप्याला दिली. तो चायनीजच्या गाडीवर काम करायचा. सगळी गल्ली त्याला बहादूर म्हणायची. अक्कानं नाव विचारलं तेव्हा त्यानंही तेच सांगितलं.

"ते लोकांनी ठेवलेलं. आईनं ठेवलेलं सांग."

"टेकराज."

त्याची बायको कमला गणवेशाच्या कारखान्यात लागली. दिवसभर शाळेच्या शर्टांच्या कॉलर शिवायची. दोन मुलं: एक रांगतं पोर आणि सात वर्षांची बिनू. रांगतं पोर झोळीत गेलं आणि बिनू त्याच्या मागोमाग शेडमध्ये येऊन बसली. आठवड्याभरात ती चार झोळ्यांना एकाच वेळी झोके द्यायला शिकली, वाळलेल्या दुपट्यांची घडी घालायला शिकली. कुणी नाव विचारलं की आधी अक्काकडं बघायची आणि मग हळूच सांगायची. बायका म्हणाल्या, किती गुणी पोरगी. अक्कानं कमलाला बोलावलं.

"हिला मी ठेवणार न्हाय."

"क्यों अक्का? काम करती है, तंग नहीं करती."

"म्हणून न्हाय. सात वर्साची पोरगी पाळणाघरात बसली की तिची आया हुती. मग ती कायमची आया. हिला शाळा बघ."

कमला रडायला लागली. शाळा तिनं बघितली होती. दोन ठिकाणी तिला आत घेतलं नव्हतं, एका ठिकाणी आधार कार्ड विचारलं होतं. आणि टेकराजनं ठरवलं होतं, दसऱ्यापर्यंत झालं तर ठीक, नाहीतर सणाला गावी जाताना पोरीला घेऊन जायचं आणि डोंगरात आजीजवळ ठेवून यायचं. एकदा ठेवलेली पोर परत कधी आणणार? कमलाची थोरली बहीण अशीच आजीकडं वाढली होती. "आई को पहचानती नहीं थी," कमला म्हणाली.

मी पेटले. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईच्या पोरीला शाळा नाही! त्याच दिवशी मी पत्रक लिहून अक्काला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं हाय. आता शाळेला चल."

ज्या शाळेनं तिला हटकलं होतं तिथंच आम्ही गेलो. नाव सांगत नाही. मुख्याध्यापक तुसडे नव्हते, थकलेले होते. "आधार नाही. जन्माचा दाखला नेपाळचा. आधीच्या शाळेचा दाखला नाही. ऑनलाइन नाव जातच नाही हो ताई. आणि उद्या हे लोक उठून गेले, तर पटावर नाव आणि बाकावर पोर नाही, याचं उत्तर मी द्यायचं."

मी कायदा काढला. कागदासाठी कुठल्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, हे सगळं मी उभी राहून सांगितलं.

"कायदा मला पाठ आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरला नाही."

अक्का मांडीवर चपलांची पिशवी धरून बसली होती. एवढंच म्हणाली, "पोरं पाणी कुटं पेत्यात?" त्यांनी मागं बोट दाखवलं. ती उठून गेली, बऱ्याच वेळानं आली आणि तडक बाहेर पडली. "आज पाणी आलंय गावात," रस्त्यावर म्हणाली. "आज बघून उपेग न्हाय."

सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. इथं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की साठवायचं, मग पुन्हा येईपर्यंत पुरवायचं. अक्काचं म्हणणं असं, की पाणी आलेल्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या असतात. आदल्या दिवशी जायचं, टाक्या तळाला गेलेल्या असतात तेव्हा. त्या दिवशी पोरं काय पितात, पोरी संडासला कुठं जातात, ते बघायचं. बाकी सगळं सांगतात ते खोटं असू शकतं.

दरम्यान दुसरं दार आपणहून उघडलं. मोहोळच्या बाजूला हायवेलगत एक संस्था होती, तिचा एक माणूस गाडीवर गल्लीत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गोड बोलणं. चायनीजच्या गाडीवर त्याला टेकराज भेटला होता. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं मोफत. कागद? "कागदांचं आम्ही बघतो." बिनूचा फोटो त्यानं तिथल्या तिथं काढला. टेकराजनं त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. मलाही बरं वाटलं, पण एक गोष्ट खटकली: कुणीच इतक्या लवकर हो म्हणत नाही.

अक्का म्हणाली, "तुमची शाळा सोडून गेलेलं एक पोरगं दाखवा."

"म्हणजे?"

"आत असलेली चांगलंच सांगणार. गेलेलं दाखवा."

"आमच्याकडनं कुणी जातच नाही, मावशी."

"मग मी येती बघायला."

आम्ही चौघं गेलो: टेकराज, बिनू, अक्का, मी. रंगवलेली भिंत, पाटी, रांगेत बसलेली पोरं. चहा आला, अक्कानं सरकवला. बाथरूमला जायचं म्हणाली. संडास चकचकीत होता आणि त्याला कुलूप होतं. किल्ली आणेपर्यंत तिनं पोरांना एकेक प्रश्न विचारला, साधाच. तुझ्या शेजारी कोण निजतं? काल भाजी कुठली होती? उत्तर द्यायच्या आधी प्रत्येक पोरगं पांढऱ्या शर्टाच्या तोंडाकडं बघत होतं. मग उत्तर यायचं. सगळी उत्तरं चांगली होती.

अक्कानं बिनूचा हात धरला आणि सरळ फाटकाबाहेर आली.

रस्त्यावर टेकराजचा तोल गेला. "अक्का, तुम सबको चोर समझती है! जो नहीं बोला वो भी खराब, जो हाँ बोला वो भी खराब. फिर मेरी बच्ची किधर जायेगी?"

मीही त्याच्या बाजूनं बोलले. तुमच्या संशयापायी पोरगी डोंगरात जाईल, म्हणाले. एकच दार उघडं होतं. कुलूप आहे म्हणून काय सिद्ध झालं?

"काय न्हाय," अक्का म्हणाली. "मला कुटं सिद्ध करायचंय? मला पोर ठेवायचीय."

त्या संस्थेबद्दल पुढं काही वाईट कानावर आलं नाही. चांगलंही आलं नाही. कदाचित ती खरंच बरी असेल. मी त्या कुलपाचा अजून अधूनमधून विचार करते आणि माझं काही ठरत नाही.

दसरा जवळ आला. टेकराज अक्काशी बोलेनासा झाला. कमलानं पोरीचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले आणि मग बाहेर काढले आणि पुन्हा भरले. अक्का मात्र कॅलेंडर न बघता पाण्याचा दिवस मोजत होती. पाणी यायच्या आदल्या दिवशी ती एकटीच त्या पहिल्या शाळेत गेली आणि परत आल्यावर मला म्हणाली, "पिंप भरून ठेवलंय. झाकण हाय. पोरींच्या संडासला कडी आतनं लागती. दुसरीच्या वर्गाची बाई सोता पाण्याचा मग घेऊन हुबी हुती. हीच शाळा."

"पण ते नाही म्हणतात, अक्का."

"नको म्हणतोय, म्हंजे पोर घेतली की सांभाळावी लागती हे त्येला ठावं हाय. त्येलाच द्यायची."

दुसऱ्या दिवशी तिनं पाळणाघर उचललं. खरोखर उचललं. झोळ्या सोडून, पोरं दोन रिक्षांत घालून ती शाळेत गेली आणि व्हरांड्याच्या गजांना झोळ्या बांधल्या. पोरांच्या आयांना तिनं आदल्या संध्याकाळी विचारलं होतं. तीन जणी रजा टाकून बरोबर आल्या होत्या. मी पोचले तेव्हा तिसरीचा वर्ग खिडकीत चढला होता आणि मुख्याध्यापक कपाळाला हात लावून उभे होते.

"हे काय चाललंय, मावशी?"

"माजं पाळणाघर हाय."

"ते इथं कशाला?"

"ही मोठी पोरगी माज्याकडं बसती. तिची जागा हितं हाय. ती हितं ईपर्यंत माजं समदं दुकान हितं." आणि तेवढ्यात एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं. दुसरीची बाई बाहेर आली, पदर कमरेला खोचून तिनं एक झोळी हलवायला घेतली आणि म्हणाली, "सर, बसू द्या की तिला. माझ्याकडं बाक रिकामा आहे."

"बसू दे," सर म्हणाले. "फक्त बसू दे. नाव नाही."

बिनू आत गेली. अक्का झोळ्या सोडायला लागली. तिच्या दृष्टीनं काम झालं होतं. मी तिथंच उभी राहिले.

"अक्का, कागदाशिवाय दिलेली जागा कागदाशिवाय काढून घेतात. उद्या सर बदलले तर? बाई बदलल्या तर?"

तिनं गाठ सोडता सोडता माझ्याकडं वळून बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला तिच्या डोळ्यांत ते कौतुक दिसलं, जे पापण्या उचलून बघणाऱ्या त्या बाईच्या वाट्याला आलं होतं.

"आता जरा कळाय लागलं तुला," म्हणाली.

पुढचं काम माझं होतं. अर्ज, पोच, पुन्हा अर्ज. पत्रकाची भाषा सोडून साधी वाक्यं लिहिली. उद्गारचिन्ह एकही नाही. अखेर शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. टेकराज दाराशी उभा, गावची तिकिटं खिशात. कमला कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली. साहेबांनी बिनूला जवळ बोलावलं आणि मऊ आवाजात विचारलं, "बाळ, शाळा आवडते का?"

 मला ती रांगेतली पोरं आठवली. बिनू कुणाकडं बघणार? सरांकडं? बाईंकडं? अक्काकडं?

बिनूनं सरळ साहेबांकडं बघितलं.

"तुमी कोण?" तिनं विचारलं.

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी आपलं नाव, हुद्दा, कुठून आले ते सगळं तिला नीट सांगितलं. अक्का तेवढी हसली नाही. ती चपलांची पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, बिनूचं नाव पटावर लिहून होईपर्यंत. टेकराजनं एक तिकीट परत केलं.

अक्का आता भिवंडीला मुलाकडं असते. शेड पाडून तिथं दुचाकींचं गॅरेज झालं. तिच्या सुनेचा फोन येतो कधी कधी, तक्रारीचाच. म्हातारी दुपारी कुठंतरी जाऊन उभी असते, लोक विचारतात, लाज वाटते. मी विचारते, कुठल्या शाळेसमोर? आणि लोकांनी हटकलं का?

तुमच्या गल्लीतही कुणीतरी नवं आलेलं असेल. दुसऱ्या राज्यातलं, दुसऱ्या देशातलं. त्यांचं पोर दिवसा कुठं असतं, हे तुम्हाला माहीत नसेल. तर एवढं करा. पाणी यायच्या आदल्या दिवशी त्या आईला बरोबर घेऊन जवळच्या शाळेत जा. चपला पिशवीत घाला. चहा घेऊ नका. आधी नळ सोडून बघा आणि मग पोरीचं नाव पटावर चढल्याशिवाय उठू नका.